हृदयासाठी रोजचं जेवण कसं बदलायचं: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

तपासणीत कोलेस्टेरॉल किंवा रक्तदाब वाढलेला निघाला की बहुतेकांना एकच सल्ला मिळतो: "तेल-मीठ कमी करा, खाण्याकडे लक्ष द्या, तीन महिन्यांनी पुन्हा बघू." सल्ला बरोबरच असतो, पण घरी आल्यावर त्याचं करायचं काय हे कळत नाही. तेल कमी म्हणजे किती, आणि कोणतं? मीठ नेमकं कशातून पोटात जातंय? अंडी बंद करायची का? माझं एलडीएल (वाईट मानलं जाणारं कोलेस्टेरॉल) वाढलं तेव्हा हे सगळे प्रश्न मलाही पडले होते आणि जितकी माणसं भेटली तितकी उत्तरं मिळाली. पुढे आहारतज्ज्ञांशी बोलून, पाकिटांवरची लेबलं वाचून आणि स्वयंपाकघरात करून बघून जो क्रम बसला, तो इथे देते आहे.

एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण खालची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. जेवणातून एखादा पदार्थ काढला तर त्याची जागा रिकामी राहत नाही. भूक ती भरतेच. लोणी बंद केलं आणि त्या जागी मैद्याची बिस्किटं आली, तर हृदयाच्या दृष्टीने जवळपास काहीच बदललं नाही. त्याच जागी मूठभर अक्रोड किंवा शेंगदाणे आले, तर एलडीएल उतरायला मदत होते. म्हणून "काय सोडू?" असा प्रश्न पडला की लगेच दुसरा विचारा: "त्या जागी काय ठेवू?"

सुरुवातीला जवळ काय हवं

- अलीकडचा रक्ताचा अहवाल: लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल आणि रक्तातल्या इतर मेदांची तपासणी), एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा) आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन
- काही दिवसांच्या रक्तदाबाच्या नोंदी. पाच मिनिटं शांत बसून मग मोजलेल्या
- चालू औषधांची यादी. त्यात जीवनसत्त्वांच्या आणि वनौषधींच्या गोळ्याही लिहा
- कमरेचा घेर मोजायला मोजपट्टी
- स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणि ५ मिलिलिटरचा मापाचा चमचा
- एक वही

मूत्रपिंडाचा विकार असेल, हृदयाची पंप करण्याची ताकद कमी झाली असेल, गरोदरपण असेल, मधुमेहासाठी इन्सुलिन चालू असेल किंवा रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असतील, तर खालचे बदल सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. यातल्या काहींची कारणं पुढे त्या त्या ठिकाणी येतील. आणि छातीत दडपण येतंय, दम लागतोय किंवा डाव्या हाताकडे, जबड्याकडे कळ जातेय असं असेल, तर आहाराचा विचार नंतर. आधी रुग्णालय गाठा.

१. काही दिवस फक्त लिहा

पहिल्या आठवड्यात काहीच बदलू नका. जे खाता-पिता ते लिहा. कामाचे दिवस आणि सुट्टीचा दिवस, दोन्ही त्यात येऊ द्या. चहा-कॉफीतली साखर, उभ्या उभ्या तोंडात टाकलेला घास, मुलाच्या ताटात उरलं म्हणून संपवलेलं, सगळं लिहा.

मग वहीत एकच गोष्ट शोधा: रोज येणारे पदार्थ कोणते? सणासमारंभाला खाल्लेल्या गोडामुळे अनेकांना अपराधी वाटतं, पण वर्षातून चार-सहा वेळा येणाऱ्या पदार्थाने धमन्या बिघडत नाहीत. दिवसातून दोनदा घेतलेल्या गोड पेयाने आणि रोजच्या जेवणातल्या मिठाने फरक पडतो. रोजच्या पदार्थांपैकी पहिले तीन निवडा आणि कामाला तिथून लागा.

२. ताटाची मांडणी

अर्धं ताट भाज्या आणि फळं, पाव ताट अख्खी धान्यं, उरलेलं पाव ताट डाळी, कडधान्यं, मासे, अंडी किंवा इतर प्रथिनं. वजनकाट्याशिवाय रोज पाळता येईल असा हाच एक नियम आहे.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं सांगते. बटाट्यासारखी पिष्टमय कंदमुळं त्यात धरलेली नाहीत. एकदा ४०० ग्रॅम प्रत्यक्ष मोजून समोर ठेवून बघा. आपण "भरपूर भाजी खातो" असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी तर हे जरूर करण्यासारखं आहे.

याचा फायदा किती जलद दिसतो याचं एक ठोस उदाहरण आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत डॅश नावाच्या आहाराच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भाज्या, फळं, कमी स्निग्धांशाचं दूध-दही जास्त आणि संपृक्त मेद कमी असा तो आहार होता. मिठाचं प्रमाण सर्व गटांत सारखंच ठेवलं होतं. तरीही आधीपासून उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा तुलनेच्या गटापेक्षा सुमारे ११ अंकांनी जास्त खाली आला, आणि हा उतार पहिल्या दोन आठवड्यांतच दिसू लागला. पुढे २००१ च्या चाचणीत मीठही कमी केलं, तेव्हा रक्तदाब आणखी उतरला.

३. तेल आणि चरबी: प्रकार आधी, प्रमाण नंतर

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून थोडं सविस्तर.

खाण्यातल्या मेदाचे ढोबळ तीन प्रकार धरा. संपृक्त मेद: लोणी, तूप, साय, मांसावरची चरबी, खोबरेल, पाम तेल. यांच्या अतिरेकाने रक्तातलं एलडीएल वाढतं. असंपृक्त मेद: शेंगदाणा, सोयाबीन, सूर्यफूल, मोहरी, ऑलिव्ह यांची तेलं, सुकामेवा, तेलबिया, मासे. संपृक्त मेदाच्या जागी हे आले तर एलडीएल कमी होतं. तिसरा प्रकार ट्रान्स मेद. तेल घट्ट आणि टिकाऊ करण्यासाठी अंशतः हायड्रोजनीकरण करतात, त्यात तो तयार होतो. तो एलडीएल वाढवतो आणि चांगलं मानलं जाणारं एचडीएल घटवतो. त्यामुळे त्याची "थोडासा चालेल" अशी पातळीच नाही. २००३ मध्ये डेन्मार्कने त्यावर कायद्याने मर्यादा घातली, नंतर अनेक देशांनी तोच मार्ग धरला. तरी लेबलावर "अंशतः हायड्रोजनीकृत" हे शब्द दिसले की ते पाकीट परत ठेवा. "ट्रान्स फॅट ०" असं पुढच्या बाजूला छापलेलं असलं तरी घटकांची यादी वाचा, कारण काही देशांत एका वाढपातलं छोटं प्रमाण शून्य म्हणून छापायला परवानगी असते.

प्रमाणाचं म्हणाल, तर संपृक्त मेदातून येणाऱ्या कॅलरी दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत असाव्यात. २००० कॅलरींच्या आहारात हे सुमारे २२ ग्रॅम होतात. एक मोठा चमचा (१५ मिलिलिटर) लोण्यातच साधारण ७ ग्रॅम जातात आणि तेवढ्याच खोबरेलात ११ ते १२. खोबरेल वनस्पतीजन्य आहे म्हणून हृदयाला हितकर, हा समज खूप पसरलेला आहे. त्यातला ८० टक्क्यांहून जास्त मेद संपृक्त असतो.

आता करायचं काय? रोजच्या स्वयंपाकाचं मुख्य तेल असंपृक्त मेदाचं निवडा आणि ते बाटलीतून थेट ओतायचं सोडून चमच्याने घाला. मोठ्या चमचाभर तेलात जवळपास १२० कॅलरी असतात, मग तेल कितीही उत्तम असो. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. तळलेल्या खाऊच्या जागी दिवसाला मूठभर, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम, खारवलेला नसलेला सुकामेवा ठेवा.

सुकामेव्याबद्दल एवढं खात्रीने का सांगते? स्पेनमध्ये झालेल्या प्रेडिमेड चाचणीत हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या सुमारे साडेसात हजार लोकांना वेगवेगळा आहार दिला होता. भूमध्य समुद्राकाठच्या धाटणीच्या आहाराबरोबर ज्यांना ऑलिव्ह तेल किंवा रोज ३० ग्रॅम सुकामेवा मिळाला, त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि त्यांतून होणारे मृत्यू मिळून सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. २०१३ चा मूळ निबंध गटवाटपातल्या चुकांमुळे मागे घ्यावा लागला होता. २०१८ मध्ये नव्याने विश्लेषण करून तो पुन्हा प्रसिद्ध झाला आणि निष्कर्ष जवळपास तोच राहिला. या आहारात मेद कमी केलेला नव्हता, प्रकार बदललेला होता. बिनतेलाचा स्वयंपाक करून कुढत जेवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

सापळा: वनस्पती तेलाच्या बाटलीवरचं "कोलेस्टेरॉल-मुक्त". कोलेस्टेरॉल जवळपास फक्त प्राणिजन्य पदार्थांत असतं, म्हणजे कोणतंही वनस्पती तेल कोलेस्टेरॉल-मुक्तच असतं. त्या शब्दांवरून तेल निवडू नका.

४. मीठ: आधी बरणीचं वजन करा

दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे एक सपाट चहाचा चमचाही पूर्ण नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. त्यात जेवणातलं, पाकिटातलं आणि बाहेर खाल्लेलं सगळं आलं. लेबलावर बऱ्याचदा मिठाऐवजी सोडियमचा आकडा असतो. त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं: २ ग्रॅम सोडियम म्हणजे ५ ग्रॅम मीठ.

आपल्या घरात किती मीठ लागतं हे बहुतेकांना माहीतच नसतं, पण ते काढणं सोपं आहे. पहिल्या तारखेला मिठाचं नवं पाकीट फोडा आणि महिन्याच्या शेवटी किती उरलं ते बघा. चार माणसांच्या घरात ३० दिवसांत एक किलो संपलं, तर माणशी दिवसाला ८ ग्रॅमच्या वर झालं, आणि यात बाहेरचं खाणं अजून धरलेलंच नाही. भाज्या उकळून ओतून दिलेल्या पाण्यात थोडं जातं हे खरं, पण अंदाज यायला हा आकडा पुरतो.

कमी करताना एका फटक्यात अर्धं करू नका. घरचे दुसऱ्या दिवशी ताटात वरून मीठ घेऊ लागतील. एक चतुर्थांश कमी करा, दोन-तीन आठवडे तिथेच थांबा, मग पुढचा टप्पा. जिभेला नवी चव अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात, आणि एकदा ती पडली की पूर्वीचं जेवण खारट लागायला लागतं. हे मला सांगितलं गेलं तेव्हा पटलं नव्हतं, पण तसंच होतं. मधल्या काळात आंबटपणा मदतीला येतो: लिंबू, टोमॅटो. शिवाय लसूण, मिरी, भाजलेलं जिरं, ताजी कोथिंबीर. मीठ शिजतानाऐवजी शेवटी घातलं तर कमी मिठातही चव लागते.

सापळे तीन.

पहिला, गुलाबी, काळं किंवा समुद्री मीठ. नाव काहीही असलं तरी ते मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं. उलट त्यात आयोडीन मिसळलेलं नसण्याची शक्यता जास्त.

दुसरा, चवीला खारट न लागणारे पदार्थ. पाव, बिस्किटं, न्याहारीचे तयार धान्यपदार्थ, सॉस, चीज, झटपट सूप, खाण्याचा सोडा घातलेलं काहीही.

तिसरा जास्त गंभीर आहे: कमी सोडियमचं मीठ. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. चीनमध्ये ६०० गावांतल्या सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा मिठाने पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. अनेकांसाठी हे मीठ खरोखर उपयोगी आहे. पण मूत्रपिंडं कमजोर असतील, किंवा रक्तदाबाची काही औषधं (रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन या गटांतली, किंवा स्पायरोनोलॅक्टोन) चालू असतील, तर रक्तात पोटॅशियम साठतं आणि हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडू शकतात. सुरुवातीच्या यादीत क्रिएटिनिन होतं ते याचसाठी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घरात आणू नका, आणि आणलंत तर घरातल्या ज्येष्ठांच्या औषधांची यादीही तपासा. एका घरात मिठाची बरणी सगळ्यांची एकच असते.

५. तंतुमय पदार्थ

यकृत कोलेस्टेरॉल वापरून पित्त तयार करतं. ते पित्त आतड्यात येतं, काम करतं आणि बरंचसं परत शोषलं जातं. ओट्स, जव, कडधान्यं, सफरचंद, इसबगोल यांतले विद्राव्य (पाण्यात विरघळणारे) तंतू त्या पित्ताला धरून शरीराबाहेर नेतात. मग नवं पित्त करायला यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. औषध न घेता एलडीएल उतरवण्याचा यापेक्षा सोपा मार्ग मला माहीत नाही.

दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू हवेत. ओट्स आणि जवातल्या बीटा-ग्लुकन या विद्राव्य तंतूचे ३ ग्रॅम एलडीएल कमी करायला पुरतात. ते साधारण ६० ते ७५ ग्रॅम कोरड्या ओट्समधून मिळतात. ओट्स आवडत नसतील तर हट्ट नको. रोज एक वाटी शिजवलेली कडधान्यं घ्या आणि पांढऱ्या पिठाच्या जागी अख्ख्या धान्याचं पीठ वापरा.

एकदम वाढवलंत तर पोट फुगेल, गॅस होतील आणि चार दिवसांत सगळं सोडून द्याल. दर आठवड्याला थोडं वाढवा, पाणी जास्त प्या, कडधान्यं भिजवलेलं पाणी फेकून नव्या पाण्यात शिजवा.

६. साखर

वरून घातलेली साखर, मध, गूळ, सिरप आणि फळांच्या रसातली साखर, हे सगळं एकाच खात्यात धरतात. २००० कॅलरींच्या आहारात ते ५० ग्रॅमच्या आत आणि जमलं तर २५ ग्रॅमच्या आत ठेवायचं. ३३० मिलिलिटरच्या एका कोलाच्या डब्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. म्हणजे एका डब्यातच २५ ग्रॅमची मर्यादा ओलांडली. म्हणून पेयांपासून सुरुवात करा.

अख्खं फळ या खात्यात येत नाही. त्याचा रस येतो, घरी काढलेलासुद्धा. अहवालात ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या मेदाचा आणखी एक प्रकार) वाढलेले असतील तर साखर, मैदा आणि मद्य या तिघांकडे आधी बघा. मद्य हृदयाला चांगलं म्हणून सुरू करायचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका.

७. प्रथिनं

डाळी, कडधान्यं, सोयाबीन यांना ताटात पहिली जागा. मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा, त्यातला एकदा तरी बांगडा, तारली, सामन यांसारखा तेलकट मासा, आणि तोही तळलेला नको. मासे न खाणाऱ्यांनी अक्रोड, जवस घ्यावेत. सॉसेज, बेकन, सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस शक्य तितकं टाळा. त्यात मीठ आणि संपृक्त मेद दोन्ही भरपूर असतात, आणि २०१५ मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याला कर्करोगकारक ठरवलं आहे.

अंड्यांचं उत्तर: बहुतेक निरोगी माणसांना दिवसाला एक अंडं चालतं. रक्तातलं कोलेस्टेरॉल खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त मेदाने जास्त वाढतं. मधुमेह असेल किंवा एलडीएल बरंच वाढलेलं असेल, तर आठवड्याचा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

८. पाकीट कसं वाचायचं

पाकिटाची पुढची बाजू विक्रीसाठी असते. मागची वाचा, आणि "एका वाढपामागे" हा रकाना सोडून "१०० ग्रॅममागे" हा रकाना बघा. वाढप किती मोठं धरायचं ते कंपनी ठरवते. अर्ध्या पाकिटाचे आकडे छापून पदार्थ हलका दाखवता येतो. ब्रिटनमध्ये लेबलांवर वापरतात ते निकष मला लक्षात ठेवायला सोपे वाटले. १०० ग्रॅम घन पदार्थामागे:

- संपृक्त मेद: ५ ग्रॅमच्या वर जास्त, १.५ च्या आत कमी
- साखर: २२.५ ग्रॅमच्या वर जास्त, ५ च्या आत कमी
- मीठ: १.५ ग्रॅमच्या वर जास्त, ०.३ च्या आत कमी. सोडियममध्ये हेच आकडे ६०० आणि १२० मिलिग्रॅम

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. "बहुधान्य" पावाच्या यादीत पहिलं नाव मैद्याचं असेल तर तो मैद्याचाच पाव आहे. "लो फॅट" दह्याच्या यादीत साखर दुसरी असेल तर साधं दही घ्या.

९. औषधांशी पडणारी गाठ

रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल तर पालेभाज्या बंद करू नका, पण एकदम वाढवूही नका. त्यांतलं के जीवनसत्त्व औषधाचा परिणाम कमी करतं, म्हणून प्रमाण रोज सारखं हवं. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातलं सिमव्हास्टॅटिन किंवा अॅटोरव्हास्टॅटिन घेत असाल तर ग्रेपफ्रूट टाळा. त्याने औषधाची रक्तातली पातळी वाढू शकते. "नैसर्गिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या लाल यीस्ट तांदळाच्या गोळ्यांत लोव्हास्टॅटिन या स्टॅटिन औषधाचाच रेणू असतो. स्टॅटिनबरोबर त्या घेतल्या तर नकळत औषध दुप्पट होतं आणि स्नायूंना इजा होऊ शकते.

रक्तदाब उतरला म्हणून स्वतःहून गोळी बंद करू नका. नोंदींची वही घेऊन जा. डोस कमी करायचा असेल तर ते आकडे बघून डॉक्टर करतील. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर मैदा-साखर कमी करण्याआधीच बोलून घ्यावं, नाहीतर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

१०. पुन्हा तपासणी

लिपिड प्रोफाइल साधारण ६ ते १२ आठवड्यांनी पुन्हा करा. शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, आणि पहिल्यांदा उपाशीपोटी केली असेल तर या वेळीही उपाशीपोटी. आजारी असताना किंवा वजन झपाट्याने उतरत असताना केलेली तपासणी फसवी निघू शकते. परदेशातला अहवाल असेल तर एकक बघा: कोलेस्टेरॉलचा मिलिमोल प्रति लिटरमधला आकडा ३८.७ ने गुणला की मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर मिळतं.

आकडे हवे तितके उतरले नाहीत तर वही उघडा आणि पहिले तीन पदार्थ खरंच बदलले का, आणि त्यांच्या जागी काय आलं, ते बघा. पण सगळं नीट पाळूनही एलडीएल हलत नसेल तर स्वतःला दोष देऊ नका. बरंचसं कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच तयार करतं आणि त्याचं प्रमाण अनुवंशावरही ठरतं. तुमचं एलडीएल सुरुवातीपासून १९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल, किंवा जवळच्या नात्यात कमी वयात हृदयविकाराचा झटका आला असेल, तर हा आनुवंशिक प्रकार आहे का हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. तसा असल्यास आहाराच्या जोडीला औषध लागतंच. आणि मग तुमच्या भावंडांची आणि मुलांचीही रक्ततपासणी करून घ्या, त्यांना काही त्रास नसला तरी.